फ्रस्ट्रेशन : दोष स्पिनचा की मांडणीचा?

आमच्या होस्टेलमध्ये दिवसातून सर्वात जास्त वेळा कानावर पडणारा शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर त्यासाठी सर्व्हे करायची गरज नाही. तो शब्द म्हणजे ‘फ्रस्ट्रेशन’. मेसमध्ये सलग तिसऱ्या दिवशी लौकीची भाजी आली की फ्रस्ट्रेशन. एम-थ्रीत बॅक लागला की फ्रस्ट्रेशन. मे महिन्यात कूलरचा पंप बसला की विचारूच नका. त्यामुळे लायब्ररीत एका पुस्तकात ‘फ्रस्ट्रेटेड मॅग्नेट’ असं वाचलं तेव्हा मला आधी हसूच आलं. म्हटलं, चला, चुंबकांनाही बॅक लागतो म्हणायचा!

पण पुढे वाचत गेलो तसं हसू ओसरलं. कारण त्या पुस्तकातला फ्रस्ट्रेशनचा अर्थ आपल्यापेक्षा फार नेमका आहे. आणि त्याचा आपल्या नागपूरशी असा एक संबंध निघाला, की मेटलर्जीला तीन वर्षं काढूनही तो मला कुणी सांगितला नव्हता, याचं खरं फ्रस्ट्रेशन आलं. म्हणून हा लेख.

आधी चुंबकाचं काय दुखतं ते पाहू. आमच्या रूममध्ये तीन खाटा आहेत. समजा असा नियम केला, की कोणत्याही दोन खाटांवरच्या पोरांची डोकी विरुद्ध दिशांना हवीत, एकाचं खिडकीकडे तर दुसऱ्याचं दाराकडे. दोघंच असतील तर प्रश्न मिटला. आता तिसरा आला. त्यानं डोकं खिडकीकडे केलं तर पहिल्याशी नियम मोडतो, दाराकडे केलं तर दुसऱ्याशी. रात्रभर वाद घाला, उत्तर नाही. पोरं वाईट नाहीत, नियमही वाईट नाही. तरी एक जोडी नाराज राहणारच, कारण खाटा तीन आहेत आणि प्रत्येक खाट उरलेल्या दोघांची शेजारी आहे.

काही पदार्थांत अणूंचे स्पिन, म्हणजे अणूंच्या आतले इवलेसे चुंबक, नेमका हाच नियम पाळतात. शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचं. अशा पदार्थाला अँटिफेरोमॅग्नेट म्हणतात. चौकोनी जाळीत बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-पांढरी मांडणी जमते आणि सगळे खुश राहतात. जाळी त्रिकोणी असली की फसलं. या फसण्याला ‘फ्रस्ट्रेशन’ हे नाव १९७७ मध्ये जेरार तुलूझ या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाच्या लेखातून रूढ झालं. मराठीत ‘कुंठित चुंबक’ म्हणता येईल. कुंठित म्हणजे अडलेला. हा शब्द मला आवडतो, कारण त्यात रडगाणं नाही, नुसती वस्तुस्थिती आहे.

आता नागपूर. माझं गाव मनसरच्या बाजूला, रामटेक तालुक्यात. आजोबा मॅंगनीजच्या खाणीत कामाला जायचे. काळे, जड दगड आमच्या अंगणात पडलेले असायचे; लहानपणी आम्ही ते भोवऱ्याला निशाणी म्हणून वापरले आहेत. मनसर, कांद्री, गुमगाव, बेलडोंगरी, तिकडे भंडाऱ्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, बालाघाटात भरवेली आणि उकवा, हा सगळा मॅंगनीजचा पट्टा. मॉयलचं मुख्यालय आपल्याच शहरात, काटोल रोडवर. इंडियन ब्यूरो ऑफ माइन्सही इथलंच. ‘मॅंगनीज कशाला लागतं?’ असं व्हायवात विचारलं तर आपण झोपेतही सांगू, ‘सर, स्टीलला, डीऑक्सिडायझर म्हणून.’ बरोबर आहे. फुल मार्क.

पण याच मॅंगनीजच्या एका साध्या ऑक्साइडवर, एका मॅंगनीजला एक ऑक्सिजन असलेल्या मॅंगनस ऑक्साइडवर, १९४९ साली जगात पहिल्यांदा अँटिफेरोमॅग्नेटची आतली मांडणी प्रत्यक्ष दिसली. अमेरिकेत ओक रिज इथल्या अणुभट्टीतून निघालेले न्यूट्रॉन क्लिफर्ड शल आणि सॅम्युएल स्मार्ट यांनी या ऑक्साइडच्या पावडरवर सोडले. फ्रान्सच्या लुई नेल यांनी अशी उलटसुलट मांडणी असली पाहिजे, असं १९३० च्या दशकातच मांडलं होतं. पण ती पाहिली कुणीच नव्हती, कारण बाहेरून मोजलं तर सगळे स्पिन एकमेकांना खोडून टाकतात आणि हाती शून्य येतं.

न्यूट्रॉनला ते कसं दिसलं? इथं फर्स्ट इयरचं फिजिक्स आठवा. ‘एन लॅम्डा इज इक्वल टू टू डी साइन थीटा.’ ब्रॅगचा नियम आपण सगळ्यांनीच पाठ केला, चार मार्कांना लिहिला आणि पेपर संपल्यावर गेटबाहेर टाकून दिला. त्या नियमाला लॅम्डा कुणाचा आहे याच्याशी देणंघेणं नाही. क्ष-किरणाचा चालतो तसा न्यूट्रॉनचाही चालतो. अणुभट्टीत जड पाण्यासारख्या मंदकात आपटत आपटत न्यूट्रॉन थंडावले, की त्यांची तरंगलांबी दीड-दोन अँगस्ट्रॉमच्या आसपास येते, म्हणजे अणूंमधल्या अंतराएवढीच.

फरक आहे तो नजरेत. क्ष-किरणाला इलेक्ट्रॉन दिसतात. ज्या अणूत इलेक्ट्रॉन जास्त, तो ठळक. म्हणून जड धातूच्या शेजारी बसलेला ऑक्सिजन त्याला पुसट दिसतो. मॅंगनीज आणि लोखंड यांत तर तो जवळजवळ फरकच करत नाही, २५ इलेक्ट्रॉन आणि २६ इलेक्ट्रॉन! न्यूट्रॉन मात्र अणूच्या केंद्रकावरून विखुरतो. त्याच्या लेखी लोखंड ‘अधिक’ चिन्हाचं आणि मॅंगनीज चक्क ‘उणे’ चिन्हाचं. ऑक्सिजनही त्याला व्यवस्थित दिसतो. आणि सर्वात महत्त्वाचं, न्यूट्रॉनवर विद्युतभार नसला तरी तो स्वतः एक छोटा चुंबक आहे. त्यामुळे अणूंचे स्पिन कुठे तोंड करून उभे आहेत हेही त्याला कळतं.

शल आणि स्मार्ट यांनी खोलीच्या तापमानाला पॅटर्न काढला, तर नेहमीच्याच रेषा आल्या. मग नमुना ८० केल्व्हिनपर्यंत, म्हणजे उणे १९३ सेल्सियसपर्यंत थंड केला, आणि जिथं काहीच नको होतं तिथं नवीन रेषा उभ्या राहिल्या. अणू जागचे हलले नव्हते. पण स्पिन ओळीनं उलटसुलट उभे राहिल्यामुळे नक्षी पुन्हा जुळून यायला आता दुप्पट अंतर लागत होतं, ४.४३ ऐवजी ८.८५ अँगस्ट्रॉम. नेल बरोबर निघाले. त्यांना १९७० साली नोबेल मिळालं. शल यांना मात्र १९९४ पर्यंत थांबावं लागलं. कॅनडाच्या बर्ट्राम ब्रॉकहाउस यांच्यासोबत ते विभागून मिळालं. पंचेचाळीस वर्षं! आपण रिव्हॅल्युएशनचा निकाल पंचेचाळीस दिवस लांबला तर निवेदन घेऊन जातो.

गंमत पुढे आहे. हा मॅंगनस ऑक्साइड स्वतःच थोडा कुंठित आहे. त्याच्या जाळीत प्रत्येक मॅंगनीजला बारा जवळचे शेजारी असतात आणि त्यांच्यात त्रिकोणच त्रिकोण. बाराही जण उलटे असणं शक्यच नाही. मग तो काय करतो? ऑक्सिजनच्या पलीकडे सरळ रेषेत जे सहा मॅंगनीज आहेत त्यांच्याशी तो नियम पूर्ण पाळतो, आणि जवळच्या बारांपैकी सहा सरळ आणि सहा उलटे असं भागवून घेतो. शिवाय साधारण १२० केल्व्हिनच्या खाली गेल्यावर त्याचा घनाकृती साचा कर्णाच्या दिशेनं किंचित दबतो. म्हणजे नुसते स्पिन समजूत घालून घेत नाहीत, मांडणीही थोडी सरकते. आमच्या रूममध्ये शेवटी एकानं खाट आडवी लावली, तसंच.

मॅंगनीजचा स्पिन मोठा, त्यामुळे तो शेवटी कुठेतरी स्थिर होतो. तांब्याचा स्पिन सर्वात लहान, अर्धा. तो त्रिकोणात अडकला की क्वांटम मेकॅनिक्स मध्ये पडतं. फिलिप अँडरसन यांनी १९७३ मध्ये मांडलं, की असे स्पिन कधी स्थिर होणारच नाहीत. ते जोड्या करतील, जोड्या सतत बदलत राहतील, आणि अगदी निरपेक्ष शून्याजवळसुद्धा द्रवासारखे अस्थिर राहतील. याला म्हणतात क्वांटम स्पिन लिक्विड.

असा पदार्थ शोधताना सर्वांचा आवडता उमेदवार म्हणजे हर्बर्टस्मिथाइट, तांबं आणि जस्ताचं एक हिरवं खनिज. यात तांब्याचे अणू ‘कागोमे’ जाळीत बसतात. कागोमे हा जपानी शब्द बांबूच्या टोपलीच्या विणीसाठी आहे. जपानला जायची गरज नाही. आपल्याकडे बुरडांनी विणलेलं, कोंबड्या झाकायचं सहाकोनी भोकांचं डालगं डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक भोकाभोवती त्रिकोण. हर्बर्टस्मिथाइटमध्ये शेजारी स्पिनांमधली ओढाताण सुमारे २०० केल्व्हिनएवढी जोरदार आहे. तरी ते ०.०५ केल्व्हिनपर्यंत थंड केलं तरी स्पिन ओळीत उभे राहत नाहीत. न्यूट्रॉनच्या पॅटर्नमध्ये ती जादा रेषा येतच नाही.

आता मला मुख्य मुद्दा मांडायचा आहे. ‘जादा रेषा आली नाही, म्हणजे स्पिन लिक्विड सापडलं’ असं म्हणता येतं का? नाही! रेषा न येण्याचं दुसरंही एक कारण असू शकतं : मालच गोंधळलेला. हर्बर्टस्मिथाइटमध्ये तांब्याच्या थरांमध्ये जस्त बसायला हवं, पण त्या जागांपैकी काही ठिकाणी, सुमारे १५ टक्के, तांबंच घुसून बसतं. तांब्याचे इलेक्ट्रॉन २९, जस्ताचे ३०. साध्या क्ष-किरणाला हा घुसखोर ओळखू येत नाही. त्यासाठी न्यूट्रॉन लागले, खास ऊर्जेचे क्ष-किरण लागले, हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम घालून नमुने बनवावे लागले, कारण हायड्रोजन न्यूट्रॉनच्या पॅटर्नमध्ये फार गढूळपणा आणतो. यटर्बियम, मॅग्नेशियम आणि गॅलियमच्या एका ऑक्साइडचा २०१५ नंतर असाच गाजावाजा झाला. पण त्यात मॅग्नेशियम आणि गॅलियम एकाच प्रकारच्या जागांवर कसेही मिसळून बसतात, आणि तेवढ्या गोंधळामुळेसुद्धा स्पिन लिक्विडसारखीच लक्षणं दिसू शकतात असं पुढे इतरांनी दाखवलं. दावा मोठा होता, पण रचनेवर येऊन अडला.

म्हणून या क्षेत्रातली माणसं आधी रचना मोजतात आणि मग बोलतात. कोणता अणू कुठे बसलाय, किती टक्के बसलाय, त्रिकोण खरंच समभुज आहे की किंचित वाकडा. कंटाळवाणं काम आहे. दोन-चार ग्रॅम पावडर व्हॅनेडियमच्या डबीत भरायची (व्हॅनेडियमच का? कारण त्याच्या स्वतःच्या रेषा जवळजवळ येतच नाहीत), तासन् तास मोजायचं, मग कॉम्प्युटरवर रिएटफेल्ड पद्धतीनं एकेक आकडा जुळवत बसायचं. आपण ही पद्धत एक्सआरडीसाठी वापरतो. पण ह्यूगो रिएटफेल्ड यांनी १९६० च्या दशकात ती बनवली ती नेदरलँड्समध्ये न्यूट्रॉनच्याच पावडर पॅटर्नसाठी. फुलप्रॉफ नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आपल्या रूममधल्या पीसीवर आरामात चालतं. काउंटर स्ट्राइक चालतो तिथं फुलप्रॉफ नक्कीच चालेल.

आता आपल्याकडे वळतो. आपण होस्टेलवाले नेमकं उलटं करतो. कुणाला बॅक लागला की लगेच निकाल : ‘पोरगा गया बे.’ म्हणजे स्पिन खराब. मलाही सेकंड इयरला दोन लागले होते, तेव्हा मी हे ऐकलंय. मराठी मीडियममधून आलेला, दिवसभर प्रॅक्टिकल, संध्याकाळी ट्यूशन घेऊन मेसचे पैसे काढणारा पोरगा एका वेळी तीन नियम पाळू शकत नाही, ही मांडणीची अडचण असते. ती कुणी मोजत नाही. पण याची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे लिहितो. प्रत्येक नापास पोरगा कुंठित नसतो. माझ्या दोनपैकी एक बॅक मांडणीचा होता. दुसऱ्याच्या आदल्या रात्री मी कॉमन रूममध्ये मॅच बघत होतो. तो शुद्ध भेसळीचा! बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. आत बघितल्याशिवाय फरक कळत नाही. म्हणून ‘सिस्टीमच खराब’ म्हणणारे आणि ‘पोरगाच खराब’ म्हणणारे, दोघांनाही माझी विनंती आहे की आधी मोजा.

‘पण याचा उपयोग काय?’ हा प्रश्न येणारच. माझ्या मेकॅनिकलवाल्या रूममेटनं तर हा लेख लिहून व्हायच्या आधीच विचारला. नेल यांनीसुद्धा आपल्या नोबेल भाषणात, अँटिफेरोमॅग्नेट अभ्यासायला फार छान पण त्यांचा काही उपयोग दिसत नाही, अशा अर्थाचंच म्हटलं होतं. पुढे १९८८ मध्ये जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्सचा शोध लागला, त्याला २००७ चं नोबेल मिळालं, आणि हार्ड डिस्कच्या वाचणाऱ्या टोकात एक थर जागेवर पक्का धरून ठेवायला अँटिफेरोमॅग्नेट लागू लागला. तो बहुतेक वेळा मॅंगनीजचाच मिश्रधातू, इरिडियम-मॅंगनीज किंवा प्लॅटिनम-मॅंगनीज. ज्या हार्ड डिस्कमध्ये त्यानं दीडशे पिक्चर भरून ठेवलेत, त्याच डिस्कमध्ये! तो गप्प बसला. स्पिन लिक्विडचा उपयोग होईल की नाही, हे मी सांगणार नाही. आधी मोजू द्या.

आणि हे सगळं ‘आयआयटीवाल्यांचं काम’ असंही समजू नका. मुंबईला ट्रॉम्बेत १९५६ मध्ये अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली, १९६० मध्ये सायरस, १९८५ मध्ये १०० मेगावॅटची ध्रुव. ज्या ब्रॉकहाउसना पुढे नोबेल मिळालं त्यांच्याच हाताखाली कॅनडात शिकून आलेल्या पी. के. अय्यंगार यांनी ट्रॉम्बेत न्यूट्रॉनचं काम उभं केलं, यंत्रं इथंच बनवून. अप्सरा २००९ मध्ये थांबली (२०१८ मध्ये ती नव्या रूपात परत आली), सायरस २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली, पण ध्रुवच्या न्यूट्रॉनवर कित्येक चुंबकीय पदार्थांची रचना काढली गेली आहे. तिथले न्यूट्रॉन फक्त तिथल्या शास्त्रज्ञांसाठी नाहीत. यूजीसी-डीएई कन्सॉर्शियमची मुंबई शाखा विद्यापीठांतल्या संशोधकांना तिथं मोजणी करायची सोय करून देते. संध्याकाळी नागपूरहून गाडीत बसलं की सकाळी मुंबई. आणि आपण दरवर्षी इंडस्ट्रियल टूर कुठे नेतो, ते सगळ्यांना माहीत आहे. जाताना एक फॅक्टरी, येताना तीन बीच.

म्हणून आमच्या स्टाफला आणि माझ्या मित्रांना तीन साध्या गोष्टी सुचवतो.

पहिली, ब्रॅगचा नियम शिकवताना क्ष-किरणावर थांबू नका. मॅंगनस ऑक्साइडचं उदाहरण पंधरा मिनिटांत होतं, आणि नागपूरच्या पोराला ते आपलं वाटतं.

दुसरी, फायनल इयरला बाजारातून रेडीमेड प्रोजेक्ट उचलण्यापेक्षा एक ग्रुप हे करू दे : मॅंगनीज कार्बोनेट हवा न लागू देता तापवून मॅंगनस ऑक्साइड बनवायचा, सरांच्या देखरेखीत. त्याचा एक्सआरडी काढायचा, फुलप्रॉफवर रचना जुळवायची, आणि भेसळ किती निघाली ते लाज न बाळगता रिपोर्टमध्ये लिहायचं. नमुना चांगला निघाला तर सरांनी न्यूट्रॉनसाठी प्रस्ताव पाठवावा. नाही मंजूर झाला तर नाही झाला. शल थांबले पंचेचाळीस वर्षं.

तिसरी, एक टूर ट्रॉम्बेला. परवानग्या, ओळखपत्रं, पत्रव्यवहार, सगळं वेळखाऊ आहे, म्हणून आत्तापासूनच लागायला हवं.

मागच्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा अंगणातला तोच एक काळा दगड उचलून बाबांना हे सगळं सांगत बसलो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘मग आबांनी जन्मभर हेच उकरलं, ते आतून कसं दिसते हे तुले माहीत आहे का?’ मी म्हटलं, ‘पुस्तकात पाहिलंय.’ ते म्हणाले, ‘एकदा बघून ये.’

अर्ज लिहून तयार आहे. एचओडी सरांच्या टेबलावर सोमवारी जाईल. ज्यांना सही करायची आहे त्यांनी रविवारी सकाळी तर्री-पोह्यांच्या टपरीवर भेटावं. पोह्यांचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे.